पाणी कुठे धरलं आहे

क्षार कोरडा करायचा म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचा, एवढंच शिकून बहुतेक मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला येतात. ओव्हन ११० अंशांवर लावायचा, दोन तास थांबायचं, बाटलीत भरायचं आणि वर ‘निर्जल’ अशी चिठ्ठी चिकटवायची. चिखलदऱ्यात हे चालत नाही. खरं तर कुठेच चालत नाही. इथल्या हवेत ते लवकर उघडं पडतं, एवढाच फरक.

मी इथे रसायनशास्त्र शिकवते आणि वर्ग सुटल्यावर एका छोट्या प्रयोगशाळेत धातूंची संयुगं बनवते. संयुग बनण्याची क्रिया कधी तासाभरात उरकते. तिच्याआधी मूळ क्षारातलं पाणी काढायला मात्र दिवस जातात, आणि माझं खरं शिक्षण त्या दिवसांत झालं. पाठ्यपुस्तकात या कामाबद्दल एकच ओळ असते: निर्जल क्षार घ्यावा. त्या ओळीच्या पोटात काय काय आहे ते कुणी सांगत नाही.

बाजारातून येणारे बहुतेक धातुक्षार आपलं स्फटिकजल बरोबर घेऊन येतात. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. मोरचुदाचा निळा खडा हातात घ्या, ठणठणीत कोरडा लागेल. पण त्याच्या वजनातला ३६ टक्के भाग पाण्याचा असतो. कोबाल्ट क्लोराइडच्या गुलाबी खड्यात ४५ टक्के, मॅग्नेशियम सल्फेटात तर निम्म्याहून जास्त. हे पाणी धातूच्या भोवती, त्याला धरून किंवा त्याच्या शेजारी, ठरलेल्या जागी बसलेलं असतं. ज्या संश्लेषणात धातूला दुसरंच काही बांधायचं असतं तिथे या जागा आधीच भरलेल्या असतात. आणि ग्रिन्यार अभिक्रियाकासारखं पाण्याशी क्षणात भिडणारं रसायन वापरायचं असेल तर कोबाल्टाच्या एकेका अणूमागे आलेले पाण्याचे सहा रेणू ते रसायन आधी खाऊन टाकतात. कोबाल्टापर्यंत काही पोचतच नाही.

क्षारातलं पाणी काढणं ही प्रयोगशाळेत जन्मलेली विद्या नाही. तव्यावर तुरटीचा खडा ठेवून तिची लाही करणं हे आमच्या घरात नेहमीचं काम होतं. तुरटी ९२ अंशांच्या आसपास आपल्याच पाण्यात विरघळते, मग उकळी फुटते, बुडबुडे येतात, आणि शेवटी पांढरी, हलकी, सच्छिद्र लाही उरते. वजन जवळपास निम्म्यावर येतं, कारण तुरटीत ४५ टक्क्यांहून अधिक पाणी असतं. टाकणखाराचंही तेच. सोनार डाग देण्याआधी टाकणखार फुलवून घेतो; तसाच लावला तर तापल्यावर तो फुगतो आणि बारीक डाग जागेवरून हलवतो. तव्यावर काम करणारी आजी आणि भट्टीपुढे बसलेला सोनार, दोघांनाही पाणी कधी संपलं ते कानाने कळतं. तडतड थांबते. आमच्या प्रयोगशाळेत त्या कानाच्या जोडीला तराजू लागतो.

मी मूळची अकोल्याची. तिथल्या मे महिन्यात पारा ४४–४५ ला जातो आणि हवेत ओलावा नावाला असतो. तिथल्या प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइडची बाटली उन्हाळ्यात पातळ झालेली मी पहिल्यांदा पाहिली. पिवळसर तपकिरी गोळे, सहा रेणू पाण्याचं संयुग, आणि बूच घट्ट असताना आत चिखल. पुढे चिखलदऱ्यात ऑगस्टमध्ये तीच बाटली, तोच चिखल. दोन्हीकडे एकच दिसणारी ही गोष्ट दोन उलट्या कारणांनी घडते. सहा पाण्यांचं फेरिक क्लोराइड ३७ अंशांच्या सुमारास वितळतं. अकोल्यात ते उष्म्याने आपल्याच पाण्यात वितळलं होतं, वजन जिथल्या तिथे. चिखलदऱ्यात वीस-बावीस अंशांना वितळायचा प्रश्नच नाही. तिथे प्रत्येक वेळी बूच उघडलं की बाहेरच्या धुक्यातलं पाणी आत गेलं आणि वजन वाढत गेलं. बाटली काट्यावर ठेवल्याशिवाय हा फरक कळत नाही. म्हणून आमच्याकडे नवी बाटली आली की तिचं वजन चिठ्ठीवर लिहितो, आणि पावसाळ्यात काही घेण्याआधी पुन्हा करतो.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर आहे. परतवाड्याहून घाट चढून आलेल्या प्रत्येकाला जूनच्या शेवटापासून इथे ढग रस्त्यावर उतरलेले भेटतात, आणि पुढे सप्टेंबरपर्यंत गाविलगडाची तटबंदी आठवडाभर न दिसणं नवलाचं नसतं. खिडकी उघडी राहिली तर धुकं टेबलावर येतं. प्रयोगशाळेतले आमचे भाऊ सकाळी आधी आभाळ पाहतात आणि मग मला सांगतात, “मॅडम, धुई आली वरत. आज बाटल्या नोका खोलू.” त्यांचा शब्द मी मानते.

इथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. दरवर्षी कुणीतरी हुशार विद्यार्थी त्यावरून विचारतो, मग क्षारही इथे लवकर वाळायला हवेत ना? प्रश्न चांगला आहे, पण उत्तर नाही असं आहे. उकळण्याचा संबंध हवेच्या एकूण दाबाशी. स्फटिकातलं पाणी सुटण्याचा संबंध हवेत आधीच असलेल्या पाण्याच्या वाफेच्या दाबाशी. मोरचुदाचा स्फटिक २५ अंशांना आपल्या पाण्याला साधारण ८ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने बाहेर ढकलतो. थंडीत त्याहून कमी. हवेतल्या वाफेचा दाब यापेक्षा कमी असेल तर स्फटिक पाणी सोडतो, जास्त असेल तर सोडत नाही. २० अंशांच्या धुक्यात हवेतल्या वाफेचा दाब साडेसतरा मिलिमीटर असतो. म्हणजे चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात मोरचूद कितीही दिवस उघड्यावर ठेवलं तरी त्यातला पाण्याचा एक रेणू हलणार नाही. अकोल्याच्या मे महिन्यात उलट: तापमानामुळे स्फटिकाचा दाब कितीतरी वाढलेला आणि हवा सुकी. तिथे खड्यांवर नुसत्या हवेने फिकट पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर चढतो. धुण्याच्या सोड्याचे खडे तर तिथे पाहता पाहता पिठासारखे होतात. क्षार कोरडा आहे का, हा प्रश्न एकट्या क्षाराला विचारून भागत नाही. तो कोणत्या हवेत आहे हेही विचारावं लागतं.

या पांढुरक्या थराचा एक प्रश्न एका विद्यार्थ्याने मला विचारला होता, आणि तो मी दरवर्षी वर्गात मांडते. त्याच्या घरी अचलपूर तालुक्यात संत्र्याची बाग. बागेत बोर्डो मिश्रण लागतंच. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडांना बोर्डो पेस्टही लावतात, डिंक्या रोगासाठी. तो म्हणाला, “मॅडम, घरचं मोरचूद गेल्या उन्हाळ्यात पांढरं पडलं होतं. बाबा म्हणे, जुनं झालं, जोर गेला याचा. खरं आहे का जी ते?” आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. पाच पाण्यांच्या निळ्या मोरचुदात तांबं साडेपंचवीस टक्के. पाणी पूर्ण गेलेल्या पांढऱ्यात जवळजवळ चाळीस टक्के. जोर गेला नव्हता, वाढला होता. पण शेतकरी मोरचूद किलोने मोजतो: एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद अर्धवट सुकलेलं असेल तर त्याच किलोत तांबं जास्त जाणार, चुना त्याला पुरेलच असं नाही, आणि मोकळं राहिलेलं तांबं पानं जाळणार. विद्यार्थी लगेच म्हणाला की बाबा मिश्रणात विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना टाकतात. वडिलांच्या हातातली ही कसोटी अचूक आहे. मोकळं तांबं लोखंडावर बसतं, हे त्यांच्या विळ्याला माहीत आहे. सुकलेल्या मोरचुदाच्या गोंधळावरही तीच कसोटी पुरते, फक्त ती न चुकता करायची.

प्रयोगशाळेत मोरचूद हे माझं पहिलं पाठ्यपुस्तक, अजूनही. नेमकं ५ ग्रॅम घ्यायचं, खलात हलकेच कुटायचं, मुशीत भरायचं. ओव्हन ११० अंशांच्या थोडा वर. काही तासांनी डेसिकेटरमध्ये थंड करून वजन करायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा वजन. दोन वजनं लागोपाठ सारखी आली की विद्यार्थी खूश होतो. काट्यावर ३.५६ ग्रॅम असतात. सगळं पाणी गेलं असतं तर ३.२० हवे होते. इथे मी थांबते आणि त्याला बोलू देते. वजन स्थिर आलं आहे, पूड फिकट झाली आहे, पण आकडा जुळत नाही. हिशेब केला की कळतं, पाचातले चार रेणू गेले आणि पाचवा बसून राहिला. तो उठवायला २०० अंश ओलांडावे लागतात. तिथे गेल्यावर पूड खरी पांढरी होते, वजन ३.२० वर येतं. आणि आणखी पुढे, ६५० अंशांच्या वर गेलं तर सल्फेटच मोडतं आणि काळा कॉपर ऑक्साइड उरतो.

स्थिर वजन म्हणजे कोरडा क्षार, ही समजूत इथे मोडते. त्या तापमानाला जेवढं सुटायचं तेवढं सुटलं, इतकाच स्थिर वजनाचा अर्थ. असं का, याचं उत्तर क्ष-किरणांनी दिलं. बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ मध्ये मोरचुदाच्या स्फटिकाची रचना सोडवली तेव्हा दिसलं की पाचही पाणी एका तऱ्हेने बसलेलं नाही. चार रेणू तांब्याला चारी बाजूंनी धरून आहेत. पाचवा तांब्याला शिवतही नाही, तो सल्फेट आणि शेजारच्या पाण्यांच्या मध्ये हायड्रोजन बंधांनी अडकलेला आहे. त्याआधी चाळीस वर्षं, १८९३ मध्ये, आल्फ्रेड वेर्नर यांनी असल्या कुठल्याही उपकरणाशिवाय असंच काहीतरी सांगितलं होतं: धातूच्या आतल्या वर्तुळात बसलेले रेणू वेगळे, बाहेरचे वेगळे. क्रोमियम क्लोराइडाचं उदाहरण मला फार आवडतं. त्याचा बाजारातला गडद हिरवा खडा आणि जांभळा खडा, दोन्हींत सहा-सहा पाणी, पण जांभळ्यात सहाही रेणू क्रोमियमला धरून आहेत आणि हिरव्यात चार. उरलेले दोन बाहेर. आतल्या दोन जागा क्लोराइडने घेतल्या आहेत. सूत्र एकच, स्वभाव वेगळा. वेर्नर यांना १९१३ चं नोबेल मिळालं, आणि आजही पाणी काढायला बसलं की पहिला प्रश्न त्यांचाच असतो: पाणी कुठे धरलं आहे?

मोरचूद सोशिक आहे. ते तापवलं की पाणी सोडतं, बाकी काही बिघडू देत नाही. कोबाल्ट क्लोराइडही बऱ्यापैकी सरळ. गुलाबीवरून जांभळं, मग आकाशी निळं होतं, आणि निर्वात असेल तर १४० अंशांच्या आत काम होतं. त्याचा हा रंगबदलच पूर्वी सिलिका जेलमध्ये ओलावा दाखवायला वापरायचे. कोबाल्ट शरीराला घातक असल्याने आता नारंगी जेल येतं. आम्हीही तेच घेतो. पावसाळ्यात मात्र इथे जेल इतक्या लवकर रंग टाकतं की डेसिकेटरमधलं जेल दर आठवड्याला ओव्हनमध्ये फिरवून घ्यावं लागतं. डेसिकेटरच्या काठाचं ग्रीस हातभर लांबून चकचकीत, अखंड दिसलं पाहिजे. मध्ये एक रेघ तुटली तरी आतले सगळे कष्ट वाया.

खरी अडचण क्लोराइडांची. मॅग्नेशियम क्लोराइड, ऍल्युमिनियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड, क्रोमियम क्लोराइड, आणि लँथनम-सिरियमसारखी दुर्मिळ मृदा धातूंची क्लोराइडं. यांना सहा किंवा सात पाणी असतं आणि नुसतं तापवलं तर ते पाणी जाता जाता क्षारालाच तोडतं. धातू पाण्याला इतकं घट्ट ओढतो की पाण्यातला हायड्रोजन सैल होतो आणि क्लोराइडाला घेऊन हायड्रोजन क्लोराइड वायू बनून निघून जातो. धातूजवळ ऑक्सिजन उरतो. ऍल्युमिनियम क्लोराइडचे सहा पाण्यांचे खडे तापवून कुणालाही निर्जल ऍल्युमिनियम क्लोराइड मिळालेलं नाही. मिळतो तो ऍल्युमिना. नाकाला आंबट, झोंबणारा वास आला की समजायचं, पाणी एकटं जात नाहीये. धुक्याच्या दिवशी तर तो वायू दिसतो: हवेतल्या ओलाव्याशी मिळून मुशीच्या तोंडाशी पांढरा धूर धरतो.

यावरचा सर्वांत सुंदर उपाय नवसागराचा आहे. क्षाराच्या पाण्यातल्या द्रावणात भरपूर नवसागर घालायचा, आटवून कोरडं करायचं, आणि मग निर्वातात हळूहळू तापमान वाढवायचं. आधी पाणी जातं. त्या वेळी सभोवती नवसागर असल्यामुळे धातूला क्लोराइडाची कमतरता पडत नाही. ऑक्सिजन चिकटू पाहिला तर नवसागरातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड त्याला परत क्लोराइड करून टाकतो. शेवटी ३०० अंशांच्या वर नवसागर स्वतःच उडून वरच्या थंड काचेवर पांढरा जमतो आणि खाली निर्जल क्लोराइड उरतं. मॅग्नेशियमसाठी, दुर्मिळ मृदांसाठी हा मार्ग जुना आणि खात्रीचा आहे. मला तो आवडतो याला आणखी एक कारण. लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. तापलेल्या तांब्याच्या पातेल्यात तो नवसागराची चिमूट टाकायचा, धुराचा लोट उठायचा, आणि त्याच क्षणी कापसाच्या बोळ्याने कथील सरसर फिरायचं. तिथे नवसागर तांब्यावरचा ऑक्साइड खात होता, म्हणून कथील धरत होतं. कल्हईच्या भात्यापासून माझ्या निर्वात नळीपर्यंत नवसागराचं काम तेच आहे: धातूवर ऑक्सिजन बसू न देणं. मी ते विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ज्यांनी कल्हईवाला पाहिलेला नाही तेही घरी जाऊन आजीला विचारतात.

दुसरा उपाय थायोनिल क्लोराइडचा. हे द्रव पाण्याच्या प्रत्येक रेणूला खाऊन सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू सोडतं. दोन्ही निघून जातात, मागे काही उरत नाही, आणि हायड्रोजन क्लोराइडच्या सान्निध्यात क्लोराइड मोडतही नाही. ‘इनऑरगॅनिक सिंथेसिस’ या ग्रंथमालेच्या १९५७ च्या खंडात निर्जल क्लोराइडांसाठी हीच कृती आहे. क्रोमियमचा हिरवा चिखल या द्रवात उकळत ठेवला की हळूहळू जांभळे चमकते पापुद्रे दिसू लागतात. पण हे रसायन सभ्य नाही. डोळे, घसा, फुप्फुसं, सगळ्यांना जाळतं; रासायनिक अस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुसूचीतही त्याचं नाव आहे. वायू ओढून घेणारं चांगलं धुराडं, वायू धरायला कॉस्टिक सोड्याचं द्रावण आणि दोन माणसं, एवढं असल्याशिवाय मी बाटलीला हात लावू देत नाही. पावसाळ्यात तर ती कपाटातच राहते.

सौम्य मार्गही आहेत. ट्रायएथिल ऑर्थोफॉर्मेट नावाचं द्रव पाण्याला भिडून एथिल फॉर्मेट आणि अल्कोहोल बनतं. डायमिथॉक्सिप्रोपेन पाण्याला भिडून ॲसिटोन आणि मिथेनॉल. हे दुसरं अजैविक क्षारांसाठी १९५९ मध्ये सुचवलं गेलं. सामान्य तापमानाला, काचेच्या चंबूत ढवळत ठेवलं की निकल किंवा कोबाल्टाचा रंग बदलतो आणि पाणी गेल्याचं दिसतं. फक्त एक लक्षात ठेवायचं: पाण्याच्या रिकाम्या जागी अल्कोहोल बसतो. क्षार पाण्यापासून मोकळा झाला, पण एकटा झाला नाही. पुढच्या क्रियेला अल्कोहोल चालत असेल तर हा मार्ग फार सोयीचा. नसेल तर नाही.

आणि काही क्षार असे की त्यांना तापवायचंच नाही. कॉपर नायट्रेट तापवलं की पाणी आणि तपकिरी वायू एकत्रच निघतात, निर्जल नायट्रेट मागे राहत नाही. परक्लोरेटांच्या बाबतीत तर मी एकच वाक्य सांगते आणि त्यावर चर्चा ठेवत नाही: सेंद्रिय पदार्थाबरोबर धातूचं परक्लोरेट वाळवायचं नाही, चिमूटभरही नाही. त्याचे स्फोट जगभरच्या प्रयोगशाळांनी भोगले आहेत.

पाणी गेलं हे सिद्ध कसं करायचं? वजन हा पहिला साक्षीदार, पण मोरचुदाने दाखवलं तसा तो अर्धंच सांगतो. त्याचा आकडा हिशेबाशी जुळला तरच त्याचं ऐकायचं. कार्ल फिशर यांनी १९३५ मध्ये आयोडीन आणि सल्फर डायऑक्साइड वापरून पाणी मोजण्याची जी पद्धत दिली ती आजही या कामाचा कणा आहे, कारण ती लाखात काही भाग इतकं पाणी मोजते. अवरक्त वर्णपटात पाणी ३४०० प्रति सेंटीमीटरच्या सुमाराला रुंद टेकडी काढतं. आमचे नमुने वर्णपटासाठी खाली अमरावतीला जातात, आणि इथे चिखलदऱ्याची हवा पुन्हा आडवी येते. वर्णपट काढायला नमुना पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून त्याची चकती करतात. पावसाळ्यात ती पूडच ओलावा ओढते आणि नमुन्यात नसलेलं पाणी कागदावर दिसतं. म्हणून नमुना तेलात घोटून न्यायचा, आणि नुसत्या ब्रोमाइडची एक चकती शेजारी तुलनेला ठेवायची. तेलावर टेकडी नाही आणि ब्रोमाइडवर आहे, तर पाणी चकतीचं.

या सगळ्या अनुभवावरून आता मी वर्षाचं वेळापत्रकच बांधलं आहे. फेब्रुवारी ते मे हे महिने वाळवण्याचे. तेव्हा डोंगरावरही हवा सुकी असते. पावसाळ्याला लागणारे क्षार त्याच काळात तयार करून, काचेच्या नळ्यांत भरून, तोंडं ज्योतीवर वितळवून बंद करायची. बूच, टेप, पॅराफिनची पट्टी यांच्यावर इथे चार महिने भरवसा ठेवता येत नाही, काचेवर येतो. पावसाळ्यात नळी फोडायची ती वापरायच्या क्षणी, सुक्या नायट्रोजनखाली.

तरी या वाटेवर मला सर्वांत जास्त शिकवलं ते सिरियम क्लोराइडने. सात पाण्यांचा पांढरा क्षार, एक तृतीयांश वजन पाण्याचं. फ्रान्समध्ये लूश यांनी १९७८ मध्ये दाखवलं की हाच क्षार, सातही पाण्यांसकट, मिथेनॉलमध्ये घालून सोडियम बोरोहायड्राइडबरोबर वापरला तर काही कीटोनांचं क्षपण अगदी नेमकं होतं. वाळवायचं काम नाही, बाटली उघडा आणि घाला. पुढे १९८० च्या दशकात जपानमध्ये इमामोतो यांनी त्याच सिरियम क्लोराइडचा वेगळा उपयोग काढला: ग्रिन्यार आणि लिथियमच्या अभिक्रियाकांना ते सौम्य करतं आणि नको त्या बाजूच्या क्रिया थांबवतं. पण तिथे क्षार कोरडा हवा. निर्वातात, सतत ढवळत, हळूहळू १४० अंशांपर्यंत न्यायचं. घाई केली तर ऑक्सिक्लोराइड. जगभर लोक ही कृती करत राहिले आणि तिच्या शेवटी हाती येणाऱ्या पुडीला निर्जल म्हणत राहिले. मग १९९६ मध्ये अमेरिकेत इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पुडीची रचना तपासली. नेहमीच्या पद्धतीने वाळवलेल्या क्षारात सिरियमच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचा एक रेणू तसाच होता. मोरचुदाच्या पाचव्या रेणूसारखा, सातवा बसून राहिलेला. आणि तरीही त्या पुडीने इतकी वर्षं लोकांची संश्लेषणं चांगली चालवली होती.

हे वाचलं तेव्हा मी माझ्या कामाकडे नव्याने पाहिलं. पाणी किती काढायचं हे पुढची क्रिया ठरवते. आपला हट्ट नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत शिफ बेसची संयुगं भरपूर असतात. त्यांच्यासाठी कॉपर ॲसिटेटचा एक पाण्याचा खडा मिथेनॉलमध्ये तसाच घातला तरी तांबं पाणी सोडून नव्या रेणूला धरतं. तो वाळवायला ओव्हन अडवण्यात अर्थ नाही. महाग निर्जल बाटली मागवण्यातही नाही, कारण ती घाटावरून वर येऊन दोनदा उघडली की पावसाळ्यात सजल बाटलीच होते. म्हणून आता कुणीही क्षार वाळवायला घेतला तर वहीत पहिली नोंद पुढच्या क्रियेची करायची. तिला पाणी नडतं का, किती नडतं, अल्कोहोल चालेल का. मग धातू, मग त्याच्याबरोबरचा ऋणायन, आणि तापमान सर्वांत शेवटी.

सिरियम आम्ही नवसागराच्या वाटेने नेतो. पंप रात्रभर चालतो आणि घाटातल्या तारांवर फांदी पडली की वीज जाते. तेव्हा आधी निर्वाताची झडप बंद करायची, मग हीटरचा खटका, हा क्रम भाऊंनी पंपाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. तापलेल्या क्षारावर इथली हवा उलटी शिरली तर नवसागर उडून गेल्यानंतर त्याला वाचवणारं काही उरत नाही. सध्याची खेप ९० अंशांवर आहे. नवसागर अजून जागेवर आहे, काचेच्या वरच्या भागात दव जमायचं थांबलं आहे, आणि उद्या आभाळ उघडं राहिलं तर तापमान पुढे न्यायचं ठरलं आहे.